त्रेचाळीस फूट

टेबलावर तीन कोटेशनं.
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर
ब्लोहोल पडलेलं पंपाचं एक केसिंग,
गेल्या आठवड्यातलं रिजेक्ट.
शिरोलीत दुसरी पाळी सुरू झालीय,
भट्टीचा आवाज भिंतीतून येतो
आणि माझ्या चहावर काळी साय धरते.

पुण्याचे लोक पडदा घेऊन आले होते.
निळे ठिपके म्हणजे त्यांची गोदामं,
हिरवी रेघ म्हणजे आमचा माल.
रेघ इतकी सरळ, की विचारावंसं वाटलं
तुमच्या नकाशात पंचगंगा कुठाय हो?
महिन्याला किमान चाळीस गाड्या, तीन वर्षं बांधील.
भट्टी बंद पडली तरी चाळीस.
मंदी आली तरी चाळीस.

दुसऱ्याचा दर बघून मामंजींनी
पेनाचं टोपण काढलंसुद्धा.
मी कलम अकरा वाचत होते:
दैवी आपत्तीत कंपनी जबाबदार राहणार नाही.
दर दोन-तीन वर्षांनी जे दारात येतं
त्याला दैवी म्हणायचं, तर
देव आमचा फारच नेमाचा.

त्या ऑगस्टात महामार्गावर होड्या चालल्या.
बाराशे केसिंगं शेडमध्ये, खोक्यांत भरलेली,
खोक्यांवर होसूरचा पत्ता,
आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन बंद.
सहाव्या दिवशी होसूरचे खरेदीवाले साहेब म्हणाले,
मॅडम, इथं तर लख्ख ऊन पडलंय.
त्यांची लाइन थांबली होती.
दंड आम्ही हप्त्याहप्त्यानं फेडला.
ते ऊन अजून डोक्यात आहे.

तिसरा आदगोंडा मगदूम, हातकणंगल्याचा.
पडदा नाही, कार्ड नाही,
दुधाच्या हिशेबाला असते तसली वही.
चहा निम्मा झाल्यावर म्हणाला,
"ताई, ह्यातला थांबू शकतोय असा माल कुठला?"

बावीस वर्षं आम्ही माल पाठवतोय.
हे कुणी विचारलंच नव्हतं.
मलाही पटकन सांगता येईना.
रात्री बसून काढलं:
सातपैकी दोनच वस्तूंना घाई,
बाकीच्यांना आठवडा चालतो.

स्वतःच्या गाड्या अकरा.
लागल्या तर तीस, चुलत्याच्या, मेहुण्याच्या,
इचलकरंजीला सूत उतरून रिकाम्या निघणाऱ्या.
नाही लागल्या तर पैसे नकोत.
तवंदीच्या माळावर पत्र्याची शेड.
"निपाणीच्या पलीकडं, वर. तिथवर पाणी चढलं
तर माल मोजायला आपण कुठं असणार?"
हसला, आणि मग बराच वेळ गप्प.
त्या साली त्याच्याही चार गाड्या
किणी नाक्यावर पाच दिवस उभ्या होत्या,
हे त्यानंच सांगितलं, न विचारता.
"न्हाई जमणार तर आदल्या दिवशी सांगतो.
सकाळी गाडी न्हाई म्हणणारा मी न्हवं."

किलोमागं साठ पैसे जास्त.
मामंजी तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी, जेवताना:
सगळं एकाच्याच गळ्यात घालू नको.
ते बरोबरच होतं.
घाईचा माल मगदूमला, थांबणारा स्वस्तवाल्याला.
पुण्याच्या लोकांना मी सभ्य मेल लिहिला.

मगदूमच्या कागदावर दैवी हा शब्द नाही.
तिथं माझ्या अक्षरात लिहिलंय:
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट, तर फोन.
त्रेचाळीस, तर शिरोलीतून गाडी निघणार नाही,
तवंदीहून निघेल.
खाली त्याची सही, मराठीत,
'गों'वरचा अनुस्वार विसरून नंतर दिलेला.

काल, मे संपता संपता, पहिली गाडी पुलावरून गेली.
मी मागोमाग स्कूटीवर, उगाचच.
खाली नदी गुडघाभर, म्हशी बसलेल्या,
एक पोरगं शेपटी धरून पोहायला शिकत होतं.
वर तीनशे केसिंगं
अजून न आलेला पूर ओलांडून चाललेली.
ड्रायव्हरनं आरशात मला बघून वेग कमी केला,
काय राहिलं काय म्हणून.
मी हात हलवला. जा.